मुलासाठी घरचे कराओके यंत्र निवडताना

कराओके यंत्र घ्यायला दुकानात गेलेल्या पालकांना बहुधा तीनच गोष्टी ऐकवल्या जातात: दिवे किती रंगांचे आहेत, वॅट किती आहेत आणि आत गाणी किती भरलेली आहेत. मुलाच्या गाण्याशी या तिन्हींचा संबंध अगदी थोडा आहे. मुलाने माइकमध्ये लावलेला स्वर त्याच्याच कानावर किती लवकर, किती स्वच्छ आणि किती मोठ्याने परत येतो, यावरच ते यंत्र दोन वर्षे वापरात राहणार की दोन आठवड्यांत माळ्यावर जाणार हे ठरते. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा आवाजाच्या या प्रवासाला दिली आहे. बाकीच्या गोष्टी त्यामागून येतात.

माझी पहिली खरेदी साफ फसली होती. मुलीच्या सातव्या वाढदिवसाला मी घाईघाईत सोनेरी रंगाचा, पोटातच स्पीकर असलेला एक माइक आणला. केक कापून होईपर्यंत त्याचे कौतुक टिकले. मुलगी गायला लागली तेव्हा मात्र प्रत्येक शब्दामागून त्याचे दोन-दोन पडसाद येऊ लागले, आणि ते कमी करण्यासाठी मी माइक उलटसुलट करून पाहिला तर तशी सोयच त्यात नव्हती. चौथ्या ओळीला तिने माइक सोफ्यावर ठेवला आणि म्हणाली, “बाबा, हा माझ्या मागून बोलतो.” तक्रार अचूक होती. पुढची खरेदी मी त्या तक्रारीपासून सुरू केली.

शब्दाविषयी थोडेसे, कारण मुले हमखास विचारतात. जपानी भाषेत ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे वाद्यवृंदासाठीच्या परक्या शब्दाचे जपानी लघुरूप. गायकाची जागा रिकामी ठेवलेला वाद्यवृंद तो कराओके. कोबे शहरातील वादक दाइसुके इनोउए यांनी १९७१ मध्ये नाणे टाकून चालणारे असे यंत्र तयार केले आणि त्याचे पेटंट मात्र घेतले नाही.

पहिली पायरी: मूल आणि खोली

यंत्र पाहण्याआधी ते कोणाच्या हातात आणि कोणत्या खोलीत जाणार आहे हे ठरवावे. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी माइक हे खेळणेच असते. ते तोंडात जाते, जमिनीवर आपटते, त्याने दार ठोठावले जाते. अशा वेळी स्वराची शुद्धता बाजूला ठेवून मजबूत, टोकदार भाग नसलेले आणि खेळणे म्हणून प्रमाणित असलेले स्वस्त साधन घ्यावे. सहा ते नऊ या वयात मूल गाण्याची ओळ लक्षात ठेवते, ताल धरते आणि आपला आवाज बरा लागला की नाही हेही त्याला कळू लागते. खरी निवड इथे सुरू होते. दहा वर्षांपुढचे मूल गाणे शिकत असेल, तर माइक वेगळा आणि स्पीकर वेगळा असलेली जोडी घ्यावी, कारण पुढे त्यातली एकच वस्तू बदलून चालते.

माइकचे वजन मुलाच्या मनगटाच्या मानाने पाहावे. कार्यक्रमांच्या मंचावर सर्रास दिसणारा शुअर कंपनीचा एसएम ५८ हा माइक सुमारे ३०० ग्रॅमचा असतो. मोठ्या माणसाला त्याचे काहीच वाटत नाही, पण सहा वर्षांच्या मुलाचा हात दुसऱ्या कडव्यापर्यंत खाली येतो, माइक तोंडापासून दूर जातो आणि आपण समजतो की यंत्राचाच आवाज बसला. पोटात स्पीकर आणि बॅटरी असलेले माइक याहूनही जड असू शकतात. दुकानात वजन लिहिलेले नसेल, तर मुलाला तो माइक तोंडाजवळ धरून पूर्ण एक गाणे उभे राहायला सांगावे.

खोलीचा हिशोब सोपा आहे. मुंबईतल्या १० बाय १२ फुटांच्या हॉलला ५ ते १० वॅटचा प्रामाणिक स्पीकर पुरेसा होतो. प्रामाणिक हा शब्द मुद्दाम वापरला आहे. खोक्यावर ‘पीएमपीओ’ या अक्षरांपुढे छापलेला हजारांतला आकडा क्षणभराच्या कमाल उसळीचा, आणि बहुतेक वेळा कल्पनेतला असतो. विचारायचा आकडा ‘आरएमएस’चा, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो त्या शक्तीचा. तो खोक्यावर किंवा माहितीपत्रकात कुठेच छापलेला नसेल, तर त्यातूनही काय ते कळते.

दुसरी पायरी: बाजारातले प्रकार

बाजारात साधारण चार प्रकार आढळतात. पहिला, पोटात स्पीकर असलेला बिनतारी माइक. तो पाचशे ते दीड हजार रुपयांपर्यंत सहज मिळतो, प्रवासात नेता येतो आणि मुलांना फार आवडतो, पण स्पीकर तोंडाखालीच असल्यामुळे त्याचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि माइक शिट्टी मारतो, शिवाय त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो. दुसरा, एक किंवा दोन माइकांसह येणारा छोटा पेटीसारखा स्पीकर. दीड ते चार हजारांच्या दरम्यानचा हा प्रकार बहुतेक घरांना योग्य ठरतो. तिसरा, चाके आणि दांडा असलेला ट्रॉली स्पीकर; सोसायटीच्या गणेशोत्सवात पोडियमवर कार्यक्रम करण्यासाठी तो उत्तम आहे, मात्र वन बीएचकेमध्ये तो वॉशिंग मशीनशी जागेसाठी भांडतो आणि त्याचा आवाज कितीही कमी केला तरी खालच्या मजल्यावर धमक पोहोचवतो. चौथा प्रकार म्हणजे घरातल्या टीव्हीला किंवा असलेल्या स्पीकरला लहान मिक्सर, म्हणजे संगीत आणि माइकचा आवाज एकत्र करणारी पेटी, आणि माइक जोडणे. यात तारा वाढतात, पण गुणवत्तेच्या मानाने खर्च सर्वांत कमी येतो.

दोन भावंडे असतील तर दोन माइकांचाच संच घ्यावा. एका माइकमुळे होणारी भांडणे कोणत्याही यंत्राला निस्तरता येत नाहीत.

तिसरी पायरी: आवाजाचा रस्ता समजून घेणे

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांत साडेतीन मीटर. हॉलच्या पलीकडच्या भिंतीशी ठेवलेल्या स्पीकरमधून ऐकताना एवढा उशीर होतच असतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही. ब्लूटूथचे तसे नाही. ध्वनी आधी अंकांत बदलायचा, आवळून लहान करायचा, तुकड्या-तुकड्यांनी पाठवायचा आणि पलीकडे पुन्हा उलगडायचा, या खटाटोपात साध्या उपकरणांत १५० ते २५० मिलिसेकंद खर्च होतात. २०० मिलिसेकंदांत ध्वनी जवळजवळ ६९ मीटर गेला असता, म्हणजे लोकलचे तीन डबे ओलांडून. दादरच्या फलाटावर तीन डबे पलीकडे ठेवलेल्या कर्ण्यातून आपलाच आवाज ऐकत गाण्याचा प्रयत्न करावा, तशी त्या मुलाची अवस्था होते. स्वतःचा आवाज सुमारे २०० मिलिसेकंद उशिरा ऐकवला तर नीट बोलणारा मोठा माणूसही अडखळू लागतो, हे वाचाशास्त्रात १९५०च्या दशकापासून माहीत आहे. मूल तर तालही चुकते, आणि चूक आपलीच आहे असे समजून गप्प बसते.

यावरून निघणारा नियम एका वाक्यात सांगता येतो: गाण्याचे संगीत ब्लूटूथने आले तरी चालते, मुलाचा आवाज ब्लूटूथने जाता कामा नये. मोबाइलवरून संगीत स्पीकरला पाठवले तर ते पाव सेकंद उशिरा वाजेल, पण मूल जे ऐकते त्याच्यावरच गाते, त्यामुळे काही बिघडत नाही. फार तर पडद्यावरची ओळ किंचित आधी रंगते. माइकमधला आवाज मात्र त्याच स्पीकरमध्ये थेट, तारेने किंवा माइकच्या स्वतःच्या रेडिओ जोडणीने पोहोचला पाहिजे. ज्या संचात माइकसोबत छोटा रिसीव्हर येतो किंवा ज्यावर ‘यूएचएफ’ असे लिहिलेले असते, त्या बिनतारी माइकांत हा उशीर जाणवण्याइतका नसतो. पोटात स्पीकर असलेल्या माइकमध्येही मुलाचा आवाज आतल्या आत जातो, म्हणून तिथे अडचण येत नाही. तोच माइक ब्लूटूथने टीव्हीला किंवा साउंडबारला जोडून मोठा आवाज काढायला गेलो की अडचण सुरू होते. दुकानदार त्याला ‘थोडा लॅग आहे’ असे म्हणतात. थोडा असला तरी घेऊ नये.

तारेच्या माइकाला मुंबईच्या बाजारात कोणी फारसे पुढे करत नाही, पण पहिल्या खरेदीसाठी माझे मत त्याच्याच बाजूने आहे. तो चार्ज करावा लागत नाही, त्याची बॅटरी मध्येच संपत नाही आणि त्याला उशीर म्हणून ठाऊक नाही. स्पीकरवर मोठ्या पिनेची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची खाच आहे का, एवढे पाहावे. बाजारात हिला ‘पी ३८’ म्हणतात. ती असेल तर पुढे कोणताही चांगला माइक लावता येतो. तार तीन मीटरपेक्षा लांब नसावी आणि लहान मुलाच्या गळ्याभोवती ती येणार नाही अशा बेताने, स्पीकरपासून जमिनीवरून आणावी.

चौथी पायरी: दुकानातली परीक्षा

ग्रँट रोड स्थानकातून पूर्वेला बाहेर पडून लॅमिंग्टन रोडला लागले, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, की अशा वस्तूंची दुकाने ओळीने सुरू होतात. धोबी तलावाच्या बाजूला वाद्यांची दुकाने आहेत. तिथे निवड कमी असली तरी माइक हातात घेऊन ऐकू देतात. ऑनलाइन किंमत बहुतेक वेळा कमी दिसते, पण उशीर आणि पडसाद फोटोत दिसत नाहीत. म्हणून निदान एकदा तरी प्रत्यक्ष ऐकून मगच कुठून घ्यायचे ते ठरवावे. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जावे. संध्याकाळच्या गर्दीत माइक लावून दाखवण्याचा उत्साह कोणालाच नसतो.

दुसऱ्या वेळी मी मुलीला बरोबर घेऊन गेलो. पहिली परीक्षा नखाची. माइकच्या जाळीवर नखाने एकदाच ‘टक’ करावे आणि कान स्पीकरकडे ठेवावा. बोटाची टिचकी आणि स्पीकरचा ‘टक’ एकत्र ऐकू आले तर ठीक. ‘ट-टक’ असे दोन ऐकू आले तर माइक परत ठेवावा. दुसरी परीक्षा पडसादाची. ‘इको’ लिहिलेली कळ शून्यावर आणून लांब ‘आ’ लावायला सांगावे आणि मध्येच थांबायला सांगावे. मूल थांबले की स्पीकरही त्याच क्षणी थांबला पाहिजे. आम्ही असे करत असताना दुकानातले काका हसून म्हणाले, “अहो, इको काढला तर मजाच जाते.” मोठ्यांच्या पार्टीपुरते त्यांचे खरे आहे. पडसाद स्वराच्या कडा बुजवतो, त्यामुळे थोडा बेसूर लागलेला आवाजही गोड वाटतो. शिकणाऱ्या मुलाला मात्र नेमके ते बेसूर लागणेच ऐकू यायला हवे. मुलीने मुकाट्याने ‘आ’ लावला, थांबली, स्पीकरही थांबला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “हा मागून बोलत नाही.”

तिसरी परीक्षा ओठांची: माइक तोंडापासून दोन बोटांवर धरून ‘पाऊस, फुलपाखरू, भोपळा’ म्हणायला लावावे. प, फ, भ या अक्षरांना स्पीकर ‘फड’ करून फुटत असेल तर जाळीवर स्पंजची टोपी बसते का ते पाहावे. टोपीनेही थांबले नाही तर माइक हलक्या प्रतीचा आहे. चौथी परीक्षा शिट्टीची: माइक हळूहळू स्पीकरजवळ न्यावा. एक फुटावर शिट्टी वाजली तर क्षम्य आहे. चार-पाच फुटांवरूनच वाजत असेल तर आपल्या हॉलमध्ये ती सतत वाजेल. पाचवी परीक्षा कोणी करत नाही, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी ती सर्वांत महत्त्वाची आहे: आवाज सर्वांत कमी करून ऐकावे. अनेक स्वस्त यंत्रांत पहिलाच टप्पा इतका मोठा असतो की त्याखाली काही नाहीच. माइकचा आवाज आणि संगीताचा आवाज यांच्या कळा वेगवेगळ्या आहेत का, हेही त्याच वेळी पाहावे. दोन्ही एकाच कळीवर असतील तर हळू गाणाऱ्या मुलाचा आवाज संगीताखाली कायमचा दबतो.

पाचवी पायरी: पट्टी

पेटीवर गाणे शिकलेल्या घरात हे वेगळे सांगावे लागत नाही, पण इतरांसाठी थोडे सविस्तर लिहितो. बहुतेक कराओके ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत, म्हणजे तो ज्या स्वराला ‘सा’ धरून गातो त्या उंचीवर असतात. पुरुष गायक बहुधा काळी एकच्या, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास, आणि आवाज न फुटलेल्या मुलामुलींची पट्टी साधारण स्त्रियांच्या जवळपास असते. काळी एक ते काळी चार हे अंतर पेटीवर काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत गेले तर सात पट्ट्यांचे आहे. पुरुषाच्या आवाजातल्या गाण्यावर मूल एकतर घशातून खालचे स्वर ओढत बसते किंवा वरच्या सप्तकात जाऊन ओरडते. ‘आमच्याकडे गाण्याचा गळा नाही’ असा निष्कर्ष घरात कितीदा निघतो, त्यातले अर्धे तरी पट्टीचे बळी असावेत.

म्हणून यंत्रात किंवा ज्या अॅपवरून गाणे लावणार त्यात पट्टी वर-खाली करण्याची सोय आहे का ते पाहावे. तिच्यावर बहुधा ‘की’ असे लिहिलेले असते आणि तिच्या एका टप्प्याने पेटीवरची एक पट्टी सरकते. मुलाची पट्टी शोधण्यासाठी त्याला गाण्यातली सर्वांत उंच ओळ म्हणायला लावावी. मान ताणली जात असेल, भुवया वर जात असतील तर एक टप्पा उतरवावा. सर्वांत खालच्या ओळीत आवाज हवेसारखा फुसकन निघत असेल तर चढवावा. तीन-चार टप्प्यांपर्यंत संगीत चांगले राहते, त्यापुढे तबला डबा वाजवल्यासारखा आणि बासरी खेळण्यातल्या पिपाणीसारखी वाटू लागते. इतके सरकवावे लागत असेल तर त्याच गाण्याचा स्त्री आवाजाच्या पट्टीतला ट्रॅक शोधणे बरे.

काही यंत्रांवर मूळ गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकण्याचे बटण असते. जुन्या पद्धतीची यंत्रे डाव्या आणि उजव्या बाजूच्या ध्वनीतून जे समान आहे ते वजा करतात. गायकाचा आवाज सहसा मध्यभागी ठेवलेला असतो म्हणून तो जातो, पण मध्यभागी असलेला ठेका आणि खर्जाची वाद्येही त्याच्याबरोबर जातात. उरते ते भुताटकीसारखे संगीत. या बटणासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

सहावी पायरी: कान आणि शेजार

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या सुरक्षित श्रवणाच्या मानकात मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा धरली आहे. मोठ्यांसाठी ती ८० आहे. मानक हेडफोनच्या उपकरणांसाठी असले तरी कान तेच आहेत, म्हणून हिशोब इथेही वापरता येतो. प्रत्येक ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो: ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला अडीच, आणि ९० डेसिबलला आठवड्याचा सगळा वाटा सव्वा तासात संपतो. मोबाइलवर मोफत मिळणारी ध्वनिमापक अॅप काटेकोर नसतात, पण अंदाजाला पुरतात. मोबाइल मुलाच्या कानाच्या उंचीवर, ते उभे राहते त्या जागी धरून मोजावे. आपण सोफ्यावर बसून मोजलेला आकडा आपला असतो. पोटात स्पीकर असलेला माइक इथेही मागे पडतो, कारण तो कानापासून वीतभर अंतरावर वाजतो.

शेजाराचा भाग कायद्यातही आहे. ध्वनिप्रदूषण नियमावली, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही परिसराची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. प्रत्यक्षात इमारतीत दहा वाजेपर्यंत थांबणे शहाणपणाचे नाही; कोणाची दुपारची झोप, कोणाची रात्रपाळी, कोणाची दहावी असते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना मी यंत्र आणले त्याच संध्याकाळी विचारून आलो. त्यांनी दुपारी दोन ते चार आणि रात्री साडेआठनंतर नको, एवढेच सांगितले. स्पीकर दोन घरांच्या सामाईक भिंतीला टेकवू नये, थेट लादीवर ठेवू नये. खाली जाड सतरंजी किंवा योगाची चटई दुमडून ठेवली की खर्जाची धमक बरीच कमी होते. रात्री गायचेच असेल तर यंत्राला तारेच्या हेडफोनची खाच आहे का ते खरेदीच्या वेळीच पाहिलेले असावे.

सातवी पायरी: खुणा, बिल आणि बॅटरी

खेळणे म्हणून, १४ वर्षांखालील मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. ब्लूटूथ स्पीकर आणि बिनतारी माइक यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते. वस्तूवर ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो आणि ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो टाकून पडताळता येतो. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, कोणत्या देशात बनले आणि आयातदाराचा पत्ता असला पाहिजे. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या वस्तूवर यातले काहीच नसते, आणि बिलही नसते. बिल नसेल तर वॉरंटी कार्डाला अर्थ नाही. तक्रारीची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर एक गोष्ट कटाक्षाने पाहावी. छोट्या रिमोटमध्ये नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली गेली तर अन्ननलिकेत दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकते. रिमोटचे झाकण स्क्रूने बंद होणारे नसेल तर रिमोट कपाटाच्या वरच्या फळीवरच राहावा. बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालयात न्यावे. चार्ज होणारे माइक गादीवर किंवा उशीखाली चार्जिंगला लावू नयेत, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

आठवी पायरी: गाणी आणि शब्द

आत भरलेल्या गाण्यांच्या संख्येला भुलू नये. दोन हजार गाण्यांच्या यादीत मराठी बालगीते बोटांवर मोजण्याइतकी निघतात. मोबाइल जोडता येत असेल तर गाण्यांना तोटा नाही. मात्र मोफत व्हिडिओत दोन कडव्यांच्या मध्ये जाहिरात येते, आणि काही गाण्याची अॅप मुलाचे ध्वनिमुद्रण आपोआप सर्वांना दिसेल असे ठेवतात. ती सोय पहिल्याच दिवशी बंद करावी.

पडद्यावर सरकणाऱ्या मराठी शब्दांबाबत माझी खास तक्रार आहे. बरेच ट्रॅक रोमन लिपीत शब्द दाखवतात, आणि त्या लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर आहे. ‘न’ आणि ‘ण’चीही तीच गत. इंग्रजी माध्यमात शिकणारे मुंबईचे मूल मग ‘बाळ’चे ‘बाल’ करून तेच पक्के करते. यावर जुना उपाय उत्तम चालतो: दोनशे पानी वही घ्यावी आणि गाणे ऐकून मुलाने स्वतः ते देवनागरीत लिहून काढावे, आपण शुद्धलेखन तपासावे. पडद्याकडे पाहत गाणारे मूल मान खाली घालून किंवा टीव्हीला चिकटून गाते. वही स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीवर ठेवता येते.

घरी आणल्यावर

स्पीकर मुलाच्या समोर, थोडा बाजूला ठेवावा, मुलाच्या पाठीमागे कधीही नाही. माइकची जाळी मुठीत झाकून धरायची सवय मुले टीव्हीवर पाहून उचलतात; त्याने शिट्टी वाढते, म्हणून दांडा मधोमध धरायला शिकवावे. सुरुवातीला संगीत माइकपेक्षा थोडे कमी ठेवावे आणि पडसाद शून्यावर. वाढदिवसाला दहा मुलांच्या तोंडासमोर माइक फिरला असेल, तर स्पंजची टोपी काढून साबणाच्या पाण्यात धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावी. जून ते सप्टेंबर या महिन्यांत माइक उघड्यावर न ठेवता झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवावा. आपल्याकडच्या दमट हवेत खाचेतल्या पितळेवर थर चढतो आणि आवाज खरखरू लागतो. पेन्सिल सेल घालायचे माइक महिनाभर वापरात नसतील तर सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरतात.

गाण्यांच्या वहीत प्रत्येक गाण्याच्या नावासमोर समासात पट्टी किती टप्पे सरकवली तो आकडा पेन्सिलीने लिहून ठेवावा, म्हणजे दर वेळी शोधाशोध करावी लागत नाही. दर सहा महिन्यांनी तो आकडा पुन्हा तपासावा, कारण मुलांचे आवाज वाढत्या वयात उतरत जातात, आणि मुलग्यांचा तर बारा-चौदाच्या सुमारास फुटतो. आमच्या वहीत पहिल्याच पानावर ‘अधिक ४’ खोडून ‘अधिक ३’ लिहिले आहे, आणि या दिवाळीत तेही खोडावे लागले.